चार मार्च, तीन एप्रिल

असल्फा, घाटकोपर (प.)
२९ एप्रिल

प्रिय देवा,

अक्षर ओळखू येणार नाही तुला. डाव्या हाताने लिहितोय, ओळी खाली घसरताहेत. मानसी म्हणाली, "तू सांग, मी टाईप करून देते." पण हे तिच्या बोटांतून जायला नको वाटलं. तुझा फोन बंद, कुडाळला तुझ्या शेजाऱ्यांचा लावला तर ते म्हणतात, देवदत्त बागेत आहे. रोज बागेतच असतोस तू, बाबा. म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं आहे तसं आहे. तुझ्या ओजसची परीक्षा संपली, दिवसभर गॅलरीत कॅरम चालू असतो. आमची सई त्याच्याकडून सगळ्या सोंगट्या हरून येते आणि वर रडते. मधेच विचारते, देवाकाका कधी येणार? मी सांगतो, आंबे उतरवायला गेलाय. तुझ्या आईला कोणीतरी चाळीतल्यानेच सांगितलं असावं. परवा जिना चढून वर आली, माझ्या प्लास्टरवर हात ठेवला आणि म्हणाली, "माज्या देवान तुका मारल्यान? खोटा सांगतत ना रे लोक?" मी म्हटलं, आये, मशीनमध्ये हात गेला. तिने माझ्याकडे बघितलं, उठली आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही. तिला पटलं नाही ते.

तुझा हात मला लहानपणापासून ठाऊक आहे. नळावर वरच्या ओळीतल्या पोरांनी माझी कळशी उतारावरून लाथाडून दिली होती, आठवतं? तू त्यातल्या एकाला धरून त्याचं तोंड नळाच्या कट्ट्यावर आपटलं होतंस. पुढचे दोन दात हातात घेऊन तो घरी गेला. मला त्या वेळी काय भारी वाटलं होतं! सगळ्या चाळीत सांगत फिरलो, देवाने माझ्यासाठी मारलं. आपल्या दोघांचे बाबा गिरणी गेल्यावर वॉचमन झाले होते, कोणाशी मोठ्याने बोलायची त्यांची हिंमत उरली नव्हती. आपल्यात आवाज होता तो तुझाच. पुढे साकीनाक्याला शेठकडे तू आधी लागलास, मला ओढून नेलंस, लेथ शिकवलीस. सुपरवायझर झालास तेव्हा पहिला पेढा मला भरवलास. माझ्या लग्नात मानसीच्या मामाने मानपानावरून आवाज चढवला, तर तू त्याची कॉलर धरलीस. मी तुला मागे ओढलं, पण ओढताना हसत होतो. हे सगळं खोटं नव्हतं रे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

तुला वाटत असेल, झालेलं परत कशाला उगाळतोय. पण तू ते एका बाजूने पाहिलंस, मी दुसऱ्या. माझ्या बाजूने एकदा बघ.

एप्रिलच्या सुरुवातीला व्हॉल्व्हची पेटी गेली. दोन तारखेला संध्याकाळी मोजून स्टोअरमध्ये ठेवलेला पितळेचा माल चारला सकाळी पाठवायला काढला, तर अर्धा गायब. म्हणजे तीन एप्रिललाच कोणीतरी आत गेलं होतं. स्टोअरच्या दाराला कार्डाचं मशीन बसवल्यापासून शेठ सगळ्यांना सांगत होतेच, आता माणसावर विश्वास ठेवायची गरज नाही. ऑफिसातल्या प्रांजलने मशीनमधली नोंद आपल्या नव्या कॉम्प्युटरवर उतरवली, शीट उघडली, तीन एप्रिल शोधलं. एकच नाव आलं. दुपारची वेळ, आत जाणारा एकटा, कार्ड सिद्धेशचं.

तू मला बफिंगच्या खोलीत बोलावलंस तेव्हा मला वाटलं, नवीन कामाचं काहीतरी असेल. आत आपल्या कामावरचा अनंता होता आणि पॉलिशवाले दोघे. तू दार लावलंस आणि पॉलिशच्या सगळ्या मोटारी चालू केल्यास. काम तर एकीवरही नव्हतं. तू फोनवर शीट दाखवलीस. मी म्हटलं, देवा, तीन तारखेला मी माहुलला होतो, रिफायनरीच्या गेटवर माल घेऊन उन्हात उभा होतो. तूच पाठवलं होतंस मला! तू क्षणभर थांबलास. खरंच थांबलास, मी पाहिलं. तुझ्या डोळ्यांत काहीतरी आठवल्यासारखं आलं. मग तू फोनकडे बघितलंस आणि म्हणालास, "ते आदल्या आठवड्यात. मशीन काय खोटं बोलतं?"

पहिली चापट मारलीस तेव्हा मला हसूच आलं. वाटलं, शेठला दाखवायला करतोय. मग अनंताने माझे हात मागून धरले आणि तू काँप्रेसरचा रबरी पाईप उचललास. तो पाईप पाठीवर बसला की आवाज आधी येतो, आग नंतर लागते. तू दर फटक्याला विचारत होतास, "माल कुठाय? सिद्ध्या, माल कुठाय? बोल ना, संपव ना!" तुझा आवाज रडका होत चालला होता आणि हात जोरात. मी काय बोलणार? मी खाली पडलो, तोंड पितळेच्या धुळीत गेलं, ओठ फाटला, रक्तात ती धूळ मिसळून तोंडात चिखल झाला. कोणीतरी बरगडीत लाथ घातली, ते तू नव्हतास, बूट अनंताचे होते. मी जमिनीला हात टेकून उठायला गेलो. तेवढ्यात तू सळई घेतलीस. मनगटाचं हाड मोडलं ते मी ऐकलं, देवा. एवढ्या मोटारींच्या आवाजात ऐकलं. त्यानंतर तू माझ्या शेजारी बसलास आणि माझे केस मुठीत धरून कानात म्हणालास, "माझी इज्जत घालवलीस तू. मी आणलं होतं तुला इथे." मला तेव्हा कळलं, व्हॉल्व्ह बाजूलाच राहिले.

शेवटी मी हो म्हटलं. घेतले मी, म्हटलं. कुठे विकले विचारलंस, तर सुचेल ते दुकान सांगितलं. तुम्ही मला रिक्षात बसवलंत आणि रिक्षावाल्याला सांगितलंत, मशीनवर पडलाय.

मानसीने पुरावा म्हणून प्रांजलकडून ती शीट मागून घेतली. अंधेरीला तिच्या ऑफिसात मानसी दिवसभर परदेशी गिऱ्हाइकांच्या शीटच बघते. हॉस्पिटलच्या बाकावर बसून, माझं प्लास्टर वाळेपर्यंत तिने ती फोनवर वरपासून खालपर्यंत सरकवली. आणि मग एकदम म्हणाली, "सिद्धेश, डिसेंबरमध्ये तू स्टोअरमध्ये काय करत होतास?" मी म्हटलं, डिसेंबर यायचाय अजून. ती म्हणाली, "हो ना. पण इथे येऊन गेलाय." ऑगस्ट येऊन गेला होता, सप्टेंबर येऊन गेला होता. तू, मी, अनंता, सगळे पुढच्या डिसेंबरात त्या दारातून ये-जा करत होतो. दाराचं मशीन आपल्यासारखं लिहितं, आधी दिवस, मग महिना. प्रांजलचा नवा कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला, आधी महिना, मग दिवस. त्याने शून्य चार, शून्य तीन असं वाचलं आणि माझ्या चार मार्चचा तीन एप्रिल करून टाकला. बारा तारखेपर्यंतचे सगळे दिवस असे गुपचूप उलटले होते. तेरापासून पुढचे त्याला उलटता आले नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. ते बिचारे जसेच्या तसे डावीकडच्या कडेला चिकटून बसले होते. एका शीटमध्ये अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे. कोणीही पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण तुम्हाला एकच दिवस हवा होता, तेवढाच काढलात.

चार मार्चला मी गॅस्केट आणायला आत गेलो होतो. तूच मागितले होतेस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. मानसी शेठच्या केबिनमध्ये गेली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दाराचं मशीन इथे आणा, त्याच्या स्क्रीनवर बघू." प्रांजल पांढराफटक पडला. चंद्रप्रकाश शेठने लगेच हात जोडले, "बहेनजी, कॉम्प्युटरची चूक. पोलीसबिलीस नको, घरातलं घरात मिटवू." कॉम्प्युटरची चूक! त्या दिवसापासून सगळ्यांना हा शब्द सापडला. अनंता फोनवर म्हणाला, कॉम्प्युटरची चूक झाली यार. सगळे असे बोलत होते, जणू सळई त्या कॉम्प्युटरनेच उचलली. तू मात्र तसं म्हणाला नाहीस. तू आलास, दारातच बसलास आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून असा रडलास की सई घाबरून आत पळाली. मीरावहिनी मागे उभी, तिला तर काहीच कळेना. मी तुझ्या डोक्यावर डावा हात ठेवला. राग होता, पण त्या डोक्यावरचा हात उचलवेना. मनात म्हटलं, संपलं, जाऊ दे.

तिथेच संपलं असतं तर हे पत्र नसतं.

आठवड्याभराने तू घ्यायला आलास. म्हणालास, सगळ्यांना तुझी माफी मागायचीय, शेठने पेढे आणलेत. मानसी नको म्हणत होती. मी आलो. शेठने खरंच पेढा भरवला, खांद्यावर शाल टाकली, माझा हात गळ्यात अडकवलेला असल्याने ती सारखी घसरत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू माझ्या कमरेत हात घालून म्हणालास, "चल, तुला एक दाखवतो." आणि बफिंगच्या खोलीचं दार उघडलंस.

खांबाला खंडू बांधलेला होता. आपला खंडू, माल चढवणारा, माझ्या बाबांसारखा चालणारा, दुपारी भाकरी खाऊन त्याच फडक्यावर डोकं टेकून झोपणारा. शीट नीट करून पुन्हा लावली तेव्हा खऱ्या तीन एप्रिलला त्याचं कार्ड निघालं होतं. सकाळपासून मार चालू असणार, कारण एक डोळा बंद झाला होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. तो मला बघून म्हणाला, "सिद्धेशभाऊ, म्याच घेतलं. तुमच्यावर आलं, मला लई वंगाळ वाटलं. म्या सांगितलं यांना." त्याने कबूल केलं होतं, देवा. भंगारवाल्याचं दुकान सांगितलं होतं, अर्धा माल परतही आला होता, कोपऱ्यात पेटी दिसत होती. मग आणखी काय हवं होतं? तू तोच रबरी पाईप माझ्या डाव्या हातात दिलास. "मार. तुझा हक्क आहे. याच्यामुळे मी तुझ्यावर हात टाकला."

मी पाईप टाकून दिला. मी त्याची दोरी सोडायला गेलो, एका हाताने गाठ सुटेना, दाताने ओढायला लागलो. तू मला मागून उचललंस, पोरासारखं, आणि भिंतीकडे फेकलंस. मी परत आलो, त्याच्यापुढे उभा राहिलो, तुला म्हटलं, देवा, बास! मला नकोय हे! तू ओरडलास, "तुझ्यासाठीच करतोय ना रे!" तुझ्या तोंडावर घाम होता आणि तू माझ्याकडे बघत नव्हतास. अनंताने मला बाजूला खेचलं, प्लास्टर दरवाजावर आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या अंधारीतून मी पाहिलं. पोटात गुडघा घातलास, एकदा, दोनदा. दोरी तुटली की सुटली, कोण जाणे, खंडू पुढे झुकला आणि तू त्याची मान धरून त्याला मोटारीखालच्या ओतीव लोखंडाच्या बैठकीवर आपटलंस. नारळ फुटल्यासारखा आवाज आला. मग कोणीतरी मोटारी बंद केल्या. खंडूचे पाय हलत होते, तोंडातून फेस येत होता, आणि तू हातातलं रक्त पॅन्टला पुसत मला विचारलंस, "बरं वाटलं ना आता?"

मी ओकलो. तुला ते आठवत असेल.

पोटमाळ्याच्या शिडीवरून पडला, असं ठरलं. टेम्पोत घालून त्याला पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं, तसंच लिहून दिलं. हवालदार कारखान्यात आले तेव्हा सगळ्यांनी शिडी दाखवली. मला कोणी विचारलंच नाही, हजेरीत मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी तू गावी गेलास. मी हॉस्पिटलात गेलो. खंडूची बायको मालन वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती, पिशवीत त्याच्या चपला. तिने विचारलं, "तुम्ही होता का तिथं?" मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. तिच्यापुढे माझ्या तोंडून खोटं निघेना. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "चोरी केली त्यानं, मला म्हायती नव्हती. पन चोराला काय जीव नसतो का? आधी मानूस उठू द्या. मग बघू." मी रोज जात राहिलो. तिच्याबरोबर बाहेर बसायचो. खंडूने डोळे उघडले नाहीत.

मधल्या काळात मी मानसीला म्हटलं होतं, माझं मी सोडून देईन, देवाने माफी मागितलीय. खंडूचं तेवढं सांगू. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवलं. म्हणाली, "म्हणजे तुझं चुकीच्या तारखेवर झालं म्हणून माफ, आणि त्याचं बरोबर तारखेवर झालं म्हणून गुन्हा? की उलट? तारीख बरोबर असती, तर तुझं मनगट मोडणं चाललं असतं का तुला?"  मी खूप विचार केला, देवा. ती शीट पहिल्यापासून बरोबर असती, तर खांबाला पहिल्याच दिवशी खंडू असता आणि अनंताच्या जागी कदाचित मी उभा असतो, त्याचे हात धरून. तू म्हटलं असतंस, धर रे, आणि मी धरले असते. नळावर मी टाळ्या पिटल्याच होत्या ना. ही गोष्ट मला झोपू देत नाही, माझ्या हातापेक्षा जास्त दुखते.

परवा संध्याकाळी खंडू गेला. मालनने त्याला गावी नेलं नाही, इथेच केलं सगळं, म्हणाली, मला लांब जायचं नाही, काम आहे. उद्या ती गावाहून आलेल्या भावाला घेऊन येईल आणि आम्ही पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाऊ. मी माझंही सांगणार आहे आणि खंडूचंही, शेठचंही, अनंताचंही, काही गाळणार नाही. प्रांजलही यायला तयार आहे. तुझ्यापाठी पोलीस गावात आले, बागेतून तुला ओढत नेलं, आयेने टीव्हीवर पाहिलं, असं व्हायला मला नकोय. म्हणून हे पत्र मीरावहिनीच्या हाती देतोय. ती आज निघतेय. तिला एवढंच माहीत आहे की खंडू शिडीवरून पडला आणि तू शेठशी भांडून गावी गेलास. तिला वाटतंय, मी तुला कामावर परत बोलावतोय. मी खरं सांगितलं नाही, कारण ते सांगायचं काम तुझं आहे. पाकीट चिकटवलंय, ती उघडणार नाही, तुला माहीत आहे. तू हे वाचत असशील तेव्हा ती पडवीत तुझ्यासमोर बसली असेल, तुझ्या तोंडाकडे बघत, काय लिहिलंय म्हणून विचारत असेल. तिला सांग, देवा. सगळं सांग. मग उठ. उद्या रात्रीच्या गाडीची परतीची दोन तिकिटं मी काढून दिलीत, तिच्या पर्समध्ये आहेत. स्टेशनवर मी उभा असेन, तिथून पोलीस ठाण्यापर्यंत तुझ्याबरोबर चालेन. ओजसला आम्ही बघू.

तुझाच,
सिद्धेश